गावातलं वाचनालय आतून कसं मांडायचं: विदर्भाचं ऊन, उधई आणि खर्रा हिशेबात धरून

गावात समाजमंदिराचा हॉल रिकामा पडलेला असतो. ग्रामपंचायत ठराव घेते की इथं वाचनालय आणि पोरांसाठी थोडी खेळायची सोय करू. पैसे हातात आले की पहिली चर्चा रंगाची होते, दुसरी पीओपीच्या छताची आणि तिसरी उद्घाटनाला कोणाला बोलवायचं याची. पंखे किती लागतील हे कोणी विचारत नाही. सुतारकाम आणि आतली मांडणी करत मी अशा बऱ्याच खोल्या उभ्या केल्या आहेत, आणि त्यातल्या दोन-तीन चांगल्याच बिघडवल्याही आहेत. पुढे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या बिघडलेल्या खोल्यांनी शिकवलं.

उदाहरणासाठी 20 बाय 30 फुटांचा हॉल धरू. स्लॅब साडेदहा फुटांवर. लांब भिंत उत्तरेला, तिच्यापुढे व्हरांडा, दार त्याच भिंतीच्या पश्चिम टोकाला. तुमचा हॉल असाच असेल असं नाही, पण हिशेब कसा करायचा ते यावरून कळेल.

टेप बाहेर काढायच्या आधी

एक खुर्ची घ्या आणि दिवसभर त्या हॉलमध्ये बसा. सकाळी सातला, दुपारी एकला, चारला, संध्याकाळी सातला. शक्यतो एप्रिल-मेमध्ये, कारण ऑक्टोबरात बसलात तर हॉल तुम्हाला गोड बोलून फसवतो. ऊन कुठल्या खिडकीतून आत येतं, कुठवर सरकतं, कुठली भिंत संध्याकाळी हाताला चटका देते, हे खडूनं जमिनीवर लिहून ठेवा.

मग कोण कधी येणार ते लिहा. आमच्याकडे साधारण असं निघतं: सकाळी सात ते नऊ पेपर वाचणारी म्हातारी मंडळी. दहा ते चार पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं-पोरी. चार ते सहा शाळेतली लेकरं. महिन्यातून दोनदा दुपारी बचत गटाची बैठक. रात्री पुन्हा अभ्यासवाले, आणि सामुदायिक प्रार्थना याच जागी होत असेल तर तिचीही वेळ. एकाच खोलीत ही पाच तऱ्हेची माणसं बसवायची आहेत, पण एकाच वेळी नाही. सगळी मांडणी या घड्याळावर उभी राहते. जागा कमी आहे म्हणून रडणारे बहुतेक जण सगळ्यांना एकाच वेळी बसवायला बघतात.

रंग लावायच्या आधी भिंत आणि जमीन

कापसाच्या पट्ट्यात, काळ्या मातीवर बांधलेली इमारत श्वास घेते म्हणा ना. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला तिरप्या भेगा जातात. पावसाळ्यात दार घासायला लागलं की समजा जमीन हलतेय. अशा भेगेवर नुसती पुट्टी मारून रंग दिला तर पुढच्या मे महिन्यात भेग परत हजर. आधी इमारतीच्या बाहेरून सगळीकडे तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा पट्टा घ्या, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. छताच्या पाण्याचे पाइपही पायापासून लांब सोडा. एक पावसाळा जाऊ द्या, मग भेगा भरा.

उधई, म्हणजे वाळवी, हा दुसरा शत्रू. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली की नुसती झाडून टाकू नका, ती कुठून निघते ते शोधा. जमीन आणि भिंत जिथं मिळतात तिथं भोकं पाडून वाळवीचं औषध सोडून घ्या. हे काम माहितगाराकडूनच करून घ्या आणि तीन-चार दिवस हॉल बंद ठेवा. लाकडी कपाट भिंतीत बसवून घ्यायची हौस इथं महाग पडते. एका गावात मी चांगल्या सागवानी पट्ट्यांचं भिंतीतलं कपाट केलं होतं, मागं साध्या प्लायचा पाठा. दोन वर्षांनी पुस्तक ओढलं तर पुठ्ठ्याचं कव्हर हातात आणि आत नुसती माती. सागवानाला काही झालं नव्हतं, प्लाय आणि पुस्तकं मात्र साफ. तेव्हापासून पुस्तकांसाठी लोखंडी रॅक, आणि तेही भिंतीपासून सहा इंच पुढे, जमिनीपासून सहा इंच वर. मागून टॉर्च मारून बघता आलं पाहिजे.

खडूनं नकाशा

कागदावर सगळं मावतं, म्हणून जमिनीवरच खडूनं काढा आणि त्यातून चालून बघा.

वाचायला बसणाऱ्या एका माणसाला टेबल, खुर्ची आणि मागं सरकायची जागा धरून साधारण 25 चौरस फूट लागतात. 600 चौरस फुटांत चोवीस माणसं बसतील असा हिशेब कोणी मांडेल, पण रॅक, वाट, दार यांनी बरीच जागा खाल्लेली असते. सतरा-अठराचं गणित खरं.

पुस्तकं पूर्वेच्या भिंतीला. पश्चिमेला नको, कारण ती भिंत दुपारभर तापते आणि पावसाची झडही बहुतेक तिकडूनच येते. तीन फूट रुंद, साडेसहा फूट उंच, सहा खणांचे पाच रॅक 20 फुटांच्या भिंतीला आरामात बसतात. मराठी पुस्तकाची सरासरी जाडी इंचभर धरली तर एका खणात तीस-पस्तीस, एका रॅकमध्ये दोनशेच्या आसपास, म्हणजे पाचांत हजार पुस्तकं. भरलेला रॅक शंभर किलोच्या घरात जातो, तेव्हा वरची पट्टी भिंतीला खिळवून टाका. लेकरं खणांवर पाय देऊन चढतातच. रॅकसमोर साडेतीन फूट वाट मोकळी.

वाचनाची टेबलं उत्तरेच्या खिडक्यांशी. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो आणि ऊन डोळ्यांवर येत नाही. सहा बाय चार फुटांची दोन टेबलं, प्रत्येकी सहा माणसं, म्हणजे बारा. दक्षिणेच्या भिंतीला दहा फूट लांब, दोन फूट खोल फळी, तिच्यावर अभ्यासवाल्यांसाठी पाच खण; मधे दीड फूट उंचीचे पडदे. झाले सतरा.

आग्नेय कोपऱ्यात लेकरांची सतरंजी. तिच्या आणि अभ्यासाच्या फळीच्या मधे चार फूट उंचीचे, दोन्ही बाजूंनी उघडे दोन रॅक आडवे टाका. चार फुटांवरून मोठ्यांची नजर पलीकडे जाते आणि लेकरांचा हात सगळ्या खणांना पोचतो. लेकरांची आणि अभ्यासवाल्यांची वेळ वेगळी असल्यानं हे शेजारपण चालतं. चार ते सहा अभ्यासवाल्यांनी चहा प्यायला, पळायला जावं, असा नियम एका गावात पोरांनी स्वतःच केला.

पश्चिमेची तापणारी भिंत वाया जात नाही. तिथं नोटीस बोर्ड, दप्तरं ठेवायचे खण, पाण्याचा माठ आणि एक दारवालं कपाट. हे कपाट विसरू नका. गणपतीच्या मंडपाचं सामान, बचत गटाचे रजिस्टर, निवडणुकीच्या वेळचे तक्ते हे सगळं वाचनालयात येणारच आहे. त्याला जागा नाही दिली तर ते लेकरांच्या सतरंजीवर येऊन बसतं.

दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी. रॅम्पबद्दल मात्र जरा भांडावं लागतं. चढ एकास बारा हवा, म्हणजे दोन फूट उंच जोत्याला 24 फूट लांब रॅम्प, मधे पाच फुटांचा सपाट टप्पा. ठेकेदार सहा फुटांत उरकतो आणि मग त्यावर चाकाची खुर्ची चढत नाही, लेकरं घसरगुंडी खेळतात. जागा नसेल तर रॅम्प व्हरांड्याला लागून वळवून घ्या.

ऊन

ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला, नागपूर या भागात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो हे सांगायला नको. तापलेल्या स्लॅबखाली पीओपीचं छत म्हणजे नुसता देखावा. पैसे छताच्या वरच्या अंगाला घाला. स्लॅबवर दरवर्षी होळीनंतर पांढऱ्या चुन्याचे दोन हात, किंवा बजेट असेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग. टिनाचे पत्रे असतील तर खाली फूटभर अंतर ठेवून बांबूच्या ताट्यांचं छत टाका आणि दोन्ही टोकांना वारा जायला झरोके ठेवा, नाहीतर मधली हवा तापून भट्टी होते. जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू, छप्पर असेल तर ते उतरवायची घाई करू नका. कवेलू फिरवायला माणूस मिळत नाही आणि वानरं फोडतात हे खरं, पण त्याच्याखालची दुपार पत्र्याखाली मिळत नाही.

दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो. पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग नाही. ऊन आडवं येतं. तिथं बाहेरून ताटी किंवा वाळ्याचा पडदा, आणि जमलं तर दहा-बारा फुटांवर कडुनिंब. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो.

कुलरची जागा उत्तरेच्या खिडकीत, म्हणजे सावलीत. समोरच्या दक्षिणेच्या भिंतीतली खिडकी उघडी ठेवायची. हवा बाहेर जायला वाट नसेल तर कुलर तासाभरात खोलीची धोबीघाट करतो. पुस्तकांच्या रॅकवर कुलरचा झोत कधीच नको. पानं लहरतात, बुरशी धरते आणि कसर लागते. मृग लागला की हवेतच ओल असते, मग कुलर बंद करून झाकून ठेवा. आणि एक जीवावरची गोष्ट: कुलरचा शॉक लागल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. वाचनालयाच्या कुलरला लेकरं हात लावणारच. अर्थिंग तपासून घ्या, बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा, पाणी भरताना प्लग काढायचा हे कुलरवरच मोठ्या अक्षरात रंगवा.

पंख्यावरचा उजेड

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. पहिल्या वाचनालयात मी ट्यूबा स्लॅबला लावल्या आणि पंखे त्यांच्या खाली. दिवसा सगळं छान. आठवडाभरानं रात्री एक मुलगी म्हणाली, "भाऊ, वाचाले बसलं का पानावर लफलफ दिसते, डोकं दुखते." मी बसून पाहिलं तर खरंच, पंख्याची पाती उजेड कापत होती आणि प्रत्येक ओळीवरून सावली फिरत होती. पंखा बंद केला तर घाम, चालू केला तर डोकेदुखी.

तेव्हापासून ट्यूब पंख्याच्या पात्याखाली. पंखा जमिनीपासून नऊ फुटांवर, ट्यूब सात फुटांवर, बरोबर टेबलाच्या मध्यरेषेवर, पाइपनं लटकवलेली. 20 वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब एवढ्या उंचीवरून टेबलावर साधारण 300 लक्स देते, आणि वाचायला तेवढा लागतो. मोबाईलमधलं लक्स मोजायचं ॲप अगदी अचूक नसतं, पण कुठं निम्माच उजेड पडतोय हे कळायला पुरतं. दोन टेबलांना दोन-दोन, फळीला दोन, रॅकसमोर एक, लेकरांकडे एक: आठ ट्यूबा. रॅकसमोरची ट्यूब वाटेच्या वर हवी, रॅकच्या डोक्यावर नको, नाहीतर खालचे तीन खण अंधारात.

पंखे 48 इंची, दर शंभर चौरस फुटांना एक, म्हणजे सहा. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, कमी विजेवर चालणारे बीएलडीसी मोटरचे पंखे तीसेक. घेताना महाग वाटतात, पण इन्व्हर्टरचा हिशेब बघा: आठ ट्यूबांचे 160 आणि सहा पंख्यांचे 180, मिळून 340 वॅट. 12 व्होल्ट 150 अँपिअर-तासाच्या एका बॅटरीवर हे साडेतीन तास निघतं. साध्या पंख्यांवर दोन तासही कठीण. रात्री लाइन गेल्यावर अभ्यासिका चालू राहते की पोरी घरी जातात, हे यावर ठरतं.

प्लग टेबलाच्या उंचीवर. खाली दिले की वायर पायात येते आणि उंदीरही कुरतडतात.

बसायचं कशावर

खुर्ची 17-18 इंच, टेबल 30 इंच. लेकरांना 12-14 इंचांची बैठक आणि 22-24 इंचांचं टेबल, पण खरं सांगायचं तर लेकरांना सतरंजी आणि बुटके डेस्क जास्त आवडतात. अभ्यासवाल्यांसाठी पैसे खर्च करा. आठ-आठ तास बसणाऱ्याला हात नसलेली प्लास्टिकची खुर्ची म्हणजे शिक्षा. पाठीला आधार असलेली, गादीची खुर्ची पाचच घ्या, पण चांगली घ्या.

म्हाताऱ्यांना खुर्ची नको असते. व्हरांड्यात भिंतीला लागून 16 इंच उंच, 30 इंच खोल ओटा बांधा, मांडी घालून बसता येतं. वर गुळगुळीत फरशी, कडा गोल केलेल्या. ओट्याशेजारी पेपरसाठी उभं उतरतं स्टँड: फळी 30 बाय 24 इंचांची, उघडा पेपर पूर्ण मावेल अशी, खाली पट्टी, वर क्लिप. पेपर घरी नेणारे काकाजी प्रत्येक गावात एक तरी असतात. क्लिपला छोटं कुलूप लागतं.

लाकूड कुठलं? अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये सागवान बल्लारपूरहून गेलं, आपल्या वाचनालयाला ते परवडणारं नाही. पण गावात जुनी घरं पडतात, त्यांच्या मयाली, म्हणजे छताच्या तुळया, आणि चौकटी लोक जळणात घालतात. त्या मागून घ्या. पन्नास वर्षं वाळलेलं सागवान वाकत नाही. आम्ही एका टेबलाचा वरचा भाग असाच केला. खिळ्यांची जुनी भोकं तशीच ठेवली, आणि ज्यांच्या घरातली मयाल होती ते आजोबा रोज त्याच टेबलावर येऊन बसायचे.

बांबूही आपलाच. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवादा इथं संपूर्ण बांबू केंद्र आहे. आसपासच्या बुरड कारागिरांकडूनही ताट्या, दिव्यांच्या टोपल्या, पडदे होतात. अट एकच: बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला हवा. कच्चा बांबू वर्षभरात पिवळी भुकटी सांडायला लागतो, म्हणजे आत भुंगा बसलाय.

कॅरम कुठं

आत नाही. स्ट्रायकरचा आवाज आणि त्याहून मोठा खेळणाऱ्यांचा आवाज, दोन्ही अभ्यासाचे वैरी. कॅरम आणि बुद्धिबळ व्हरांड्याच्या लांबच्या टोकाला, ओट्यापासून दूर. बोर्डावर साडेतीन-चार फुटांवर दिवा, स्टँड जड. टीव्ही नकोच, असं माझं मत. मॅच असली की वाचनालय संपलं. व्यायामाचं सामान आत आणायचा आग्रह झाला तर ठाम नाही म्हणा, डंबेल पडून टाइल फुटतात. आखाडा मोकळ्या हवेतच शोभतो.

हॉलमध्ये आवाज घुमत असेल तर महागड्या पॅनेलची गरज नाही. पश्चिमेच्या भिंतीवर मऊ सॉफ्टबोर्डचा मोठा नोटीस बोर्ड, खाली सतरंजी, छताला बांबूची ताटी, आणि भरलेले रॅक. मी रिकाम्या आणि भरलेल्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघतो, फरक लगेच कळतो.

भिंती आणि खर्रा

खाली चार फूट ऑइल पेंट, धुता येईल असा. वर फिका डिस्टेंपर. छत पांढरंच. जमिनीला चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल नको, पावसाळ्यात ओल्या पायांनी घसरतं आणि ट्यूबचं प्रतिबिंब डोळ्यांत येतं. मॅट टाइल किंवा शहाबादी फरशी बरी.

खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण; त्याच्या पिचकाऱ्या कुठं पडतात ते ठरलेलं असतं: व्हरांड्याचे कोपरे, जिन्याचं वळण, खिडकीची खालची कड. त्या कोपऱ्यांना तीन फुटांपर्यंत टाइल, आणि फाटकाबाहेर राख-माती भरलेली एक कुंडी. देवाच्या फोटोची टाइल लावायचा उपाय मला आवडत नाही. लोक जागा बदलतात, सवय नाही. उजेड वाढवल्यावर मात्र खरंच फरक पडला.

चित्रं काढायची तर सगळीकडे दिसणारी वारली आकृत्यांची नक्कल कशाला? वारली पालघरकडची. आपल्याकडे पोळ्याचे सजवलेले बैल आहेत, धानाची बांधी आहे, कापसाची वेचणी आहे. गावातल्या पोरांना रंग द्या.

पोरींच्या बाबतीत तीन गोष्टी नकाशातच घ्या: संडास-बाथरूम पाण्यासह आणि आतून कडीसह, हॉलच्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच, म्हणजे आत कोण आहे ते बाहेरून दिसतं, आणि फाटकापासून रस्त्यापर्यंत दिवा. यातली एक जरी राहिली तर संध्याकाळी सातनंतर खोलीत फक्त पोरं दिसतील.

पैसे आणि क्रम

आधी पाणी-भेगा-उधई, मग वायरिंग, मग छताचं काम, मग रंग, मग पंखे-ट्यूबा, शेवटी फर्निचर. पैसे कमी पडले तर खुर्च्या नंतर घ्या, वायरिंगवर काटछाट करू नका. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयाला अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान असतं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी जाऊन या. 1972 पासून काम करणारं कोलकात्याचं राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशनही पुस्तकांसोबत रॅक-फर्निचरसाठी मदत देतं. अर्जाची वाट जिल्ह्याच्या त्या कार्यालयातच कळेल.

मृगाच्या आधी एक रविवार ठेवा. रॅक ओढून मागची भिंत बघा, पुस्तकं सावलीत झटका, खिडक्यांच्या जाळ्या तपासा, बॅटरीत पाणी टाका. दिवाळीनंतर पुन्हा एकदा, या वेळी भेगा आणि दाराच्या बिजागऱ्या. किल्ल्या तीन करा: एक ग्रंथपालाकडे, एक शेजारच्या घरी, एक अभ्यासाला येणाऱ्या पोरींपैकी एकीकडे. किल्ली एकाच माणसाकडे असेल तर त्याच्या घरच्या लग्नात वाचनालय चार दिवस बंद असतं.